दुखण्यावरचा पहारा उठवायचा कसा

सकाळी जाग आल्यावर डोळे उघडायच्या आधी तुम्ही काय करता? मी काय करायचे ते सांगते. डावा पाय किंचित लांब करून बघायचे, मग कुशीवर वळायचे, मग परत उताणी, आणि मग मनातल्या मनात दुखण्याला मार्क द्यायचे, आज ४, आज ६, आज चक्क ३ आहे पण थांबा, उठून बसल्यावर काय ते खरं कळेल. बाहेर उजाडलंय का नाही तेही अजून बघितलेलं नसायचं आणि माझा अख्खा दिवस ठरून गेलेला असायचा. ६ आला की संपलंच. आणि ३ आला तरी सुख नाही, कारण मग दिवसभर धाकधूक, टिकेल ना, टिकेल ना, असं करत करत दुपारपर्यंत मीच तो ५ वर नेऊन ठेवायचे.

कंबर आणि डावा पाय, साडेतीन वर्षं. सगळ्या तपासण्या झाल्या, ऑपरेशन करण्यासारखं काही नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, वाचत गेले तसं हेही पटलं की माझं दुखणं आता मणक्यात कमी आणि मज्जासंस्थेच्या सवयीत जास्त आहे. अगदी मनापासून पटलं. आणि तरी दुखायचं काही थांबेना, कारण पटल्यानंतरही मी करत तेच होते, पहारा. हे लिहितेय ते अशाच लोकांसाठी, ज्यांना माइंड-बॉडी प्रकार, म्हणजे इजा नसतानाही मेंदू आणि मज्जासंस्था दुखणं चालू ठेवू शकतात हे, समजलाय, मान्यही आहे, पण गाडी तिथेच रुतून बसलीय.

एक गोष्ट आधीच बोलून घेऊ. पहारा उठवणं म्हणजे तपासणी टाळणं नाही. लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, पायातली ताकद कमी कमी होत जाणं, छातीत दुखणं, यातलं काही असेल तर हे वाचायचं सोडा आणि थेट इमर्जन्सीत जा. ताप, कारण नसताना उतरणारं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्या-आपटल्यावर सुरू झालेलं दुखणं, हे असेल तरीही आधी डॉक्टर. चालू गोळ्याही स्वतःच्या मनाने बंद करू नका. हे सगळं बघून झालंय आणि तरी दुखणं महिनोन्‌महिने चिकटलंय, त्यांच्यासाठी पुढचं.

पहारा महागात का पडतो

१९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटीशी केस छापून आली होती. २९ वर्षांचा एक बांधकाम कामगार उडी मारताना १५ सेंटीमीटरच्या खिळ्यावर पडला, खिळा बुटातून आरपार. खिळा जरा हलला तरी जीव जायची वेळ, म्हणून गुंगीचं औषध देऊन तो ओढून काढावा लागला. मग बूट काढून बघतात तर खिळा बोटांच्या मधल्या फटीतून गेलेला, पायाला काहीही झालेलं नाही. आता तो माणूस नाटक करत होता का? अजिबात नाही. मेंदूने डोळ्यांसमोरचा खिळा बघितला, धोका केवढा असेल याचा हिशोब केला आणि त्या हिशोबाने कळ दिली. कळ शंभर टक्के खरी.

याची दुसरी बाजू एमआरआयच्या रिपोर्टमध्ये दिसते. २०१५ मध्ये ३३ अभ्यास एकत्र करून बघितले गेले, त्यात ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशी ३,११० माणसं होती, आणि त्यांच्यातल्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या घरातल्यांमध्ये ९६ टक्क्यांच्या. दुखत नसताना! म्हणजे रिपोर्टमधला ‘डिजनरेशन’ हा शब्द बऱ्याच वेळा केस पिकण्याइतका साधा असतो, पण तो वाचल्यावर आपण वाकणंच सोडून देतो.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, जुनाट दुखण्याचं बऱ्याच जणांत तसंच होतं, मूळ इजा भरून येते पण मज्जासंस्थेतला पीळ राहतो. आणि दुधाने तोंड पोळलेला मेंदू ताकही फुंकून प्यायला लागतो, साधं खाली वाकणं, अर्धा तास बसणं, एखादी पायरी, सगळ्यावर घंटा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या ११व्या आवृत्तीत तीन महिन्यांच्या वर टिकणाऱ्या अशा दुखण्याला ‘क्रॉनिक प्रायमरी पेन’ म्हणून स्वतःची जागा दिलीय, म्हणजे हे काही कुणाच्या मनाचे खेळ म्हणून सोडून दिलेलं प्रकरण राहिलेलं नाही.

आता यात पहाऱ्याचं काय काम? असं बघा, एखाद्या घरासमोर चोवीस तास पोलीस उभा दिसला तर येणारा-जाणारा प्रत्येकजण काय समजेल, की इथे काहीतरी गडबड आहे. मेंदूही तेच समजतो. तुम्ही तोंडाने कितीही म्हणा की मी सुरक्षित आहे, माझी पाठ मजबूत आहे, पण दर दहा मिनिटांनी कमरेचा कानोसा घेताय म्हटल्यावर मेंदू तुमच्या बोलण्यावर नाही, वागण्यावर जातो. शोध चालू आहे म्हणजे धोका असणार, धोका आहे म्हणजे घंटा वाजवायला हवी, घंटा वाजली म्हणजे शोध वाढवायला हवा. हे चक्र दुखण्यापासून सुरू झालं का शोधण्यापासून यावर डोकं खपवू नका, आपल्या हातात त्यातलं शोधणं तेवढं आहे.

आधी पहारेकरी कुठे कुठे बसलेत ते हुडका

मला वाटायचं मी काही एवढं लक्ष देत नाही. मग एक दिवस ठरवून मोजलं, फक्त एकच दिवस, कागदावर रेघा मारत, दुखण्याकडे मुद्दाम बघितलं की एक रेघ. दुपारी बारापर्यंत कागदाची एक बाजू भरली, मग मी मोजायचं सोडलं कारण मला माझीच लाज वाटायला लागली.

उघड पहारे सापडतात पटकन. माझी एक एक्सेल शीट होती, चौदा महिन्यांची, सकाळ-दुपार-रात्र असे तीन रकाने आणि लाल-पिवळा-हिरवा रंग. डॉक्टरांना दाखवायला म्हणून सुरू केलेली, डॉक्टरांनी एकदाही बघितली नाही. रात्री फोनवर तेच तेच सर्च करणं हाही उघड पहारा. खरे चिवट असतात ते लपलेले. खुर्चीवर बसायच्या आधी तिच्या पाठीकडे नजर जाणं. कुठेही गेलं की बसायला जागा कुठे आहे ते आधी हेरून ठेवणं. नवऱ्याला विचारणं, मी वाकडी चालतेय का रे. काल याच वेळी किती दुखत होतं ते आठवून बघणं. चांगल्या क्षणी ‘अरे, आत्ता दुखत नाहीये’ म्हणणं, हाही पहाराच, गोड बोलणारा. आणि दाबून बघणं! मला खुब्याच्या वर एका जागी अंगठ्याने दाबून बघायची इतकी सवय होती की तिथे काळंनिळं पडलं, मग ते काळंनिळं दुखायला लागलं, आणि मी बाईसाहेबांनी ते शीटमध्ये नवीन लक्षण म्हणून नोंदवलं.

तुमचे वेगळे असतील. मान असेल तर गाडी रिव्हर्स घेताना मुद्दाम जास्त वळवून बघणं, डोकं दुखत असेल तर उजेडाकडे बघून अंदाज घेणं, पोट असेल तर हात सतत पोटावर. एक दिवस बघा, यादी करा आणि कागद फाडून टाका. रोज मोजत बसलात तर पहाऱ्यावर पहारा बसवल्यासारखं होईल.

यादीतले उघडे पहारे मात्र त्याच आठवड्यात बंद करायचे. आकडे लिहिणं बंद, सर्च बंद, आरशासमोर वाकून बघणं बंद. डॉक्टरांनी खरोखरच नोंदी मागितल्या असतील तर आठवड्यातून एकदा एक ओळ लिहा, बास.

प्रश्न येऊ दे, उत्तर देऊ नका

लपलेल्या पहाऱ्यांचं काय करायचं? ‘लक्षच द्यायचं नाही’ हा पहिला विचार सुचतो आणि तो सपशेल आपटतो. १९८७ मध्ये डॅनियल वेगनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लोकांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा, आणि घंट्या वाजतच राहिल्या. कारण विचार आला का हे बघायलाही आत एकजण बसवावा लागतो, आणि त्याचं काम अस्वल शोधणं हेच. तेव्हा ‘आज मी दुखण्याकडे बघणारच नाही’ असा पण करू नका, त्याने दुखणं सोडून दुसरं काही दिसणार नाही.

मला उपयोगी पडलं ते वेगळंच. पहारा म्हणजे शेवटी एक प्रश्न असतो, किती दुखतंय? वाढलंय का? कशामुळे? असंच राहिलं तर? प्रश्न आपोआप येतो, तो आपण बोलवत नाही, त्यामुळे तो थांबवणं आपल्या हातात नाही. पण उत्तर द्यायला आपण उठून जातो. पाय हलवून बघतो, आकडा काढतो, काल काय उचललं ते आठवतो, ते आपण करतो. तर प्रश्न येऊ द्यायचा, आणि उत्तर न देता तसाच लोंबकळत ठेवायचा, हातातलं काम चालू ठेवून. मी मनात म्हणायचे, ‘आलात का, बसा,’ आणि भांडी घासत राहायचे. सुरुवातीला हे भयंकर अस्वस्थ करतं, खाज आलीय आणि खाजवायचं नाही तसं. मिनिट-दीड मिनिट ती अस्वस्थता चढते आणि मग, खाजेसारखीच, उतरायला लागते. नाही उतरली तर काय? तर तिच्यासकट भांडी घासायची.

सकाळची तपासणी माझी सगळ्यात जुनी, म्हणून तिथून सुरुवात केली. जाग आली की पाय लांब करून बघायच्या आधी दोन्ही तळवे जमिनीला टेकवायचे आणि उभं राहून खिडकीपर्यंत जायचं, एवढंच ठरवलं. पहिल्या आठवड्यात सातपैकी पाच दिवस पाय आधीच हलून गेलेला असायचा आणि मग आठवायचं. चालतं. हललेल्या पायाने आकडा सांगितला तरी तो झटकन विसरून खिडकीपर्यंत जायचं. चुकल्याबद्दल स्वतःला झापायचं नाही, कारण झापण्यातही पुन्हा तोच ताण, मेंदूला काय, ओरडणारं कोण आहे याच्याशी घेणं नाही.

मग शरीराकडे बघायचंच नाही का?

बघायचं. इथे सगळे गोंधळतात, मीही गोंधळले होते, कारण एकीकडे सांगतात दुर्लक्ष करा आणि दुसरीकडे सोमॅटिक ट्रॅकिंग करा म्हणून डोळे मिटून दुखण्याकडेच बघायला लावतात. फरक बघण्याच्या जातीत आहे. चोर येतोय का म्हणून अंधारात बघणं वेगळं आणि पाण्यावरच्या लाटा बघत बसणं वेगळं, डोळे तेच.

हे करायचं कधी, तर दुखणं हलकं किंवा मध्यम असताना. आरामात बसा, पाच मिनिटांच्या वर नको. आधी स्वतःला आठवण करून द्या की तपासण्या झाल्यात, इथे काही तुटत नाहीये, ही घंटा चुकीची वाजतेय. मग ती जागा बघा, जणू हे दुसऱ्याच कुणाचं वर्णन लिहून द्यायचंय. गरम आहे का, बोथट का टोचरं, ठसठस आहे का सलग ओढ, काठ कुठे संपतो, काठ आहे का मुळात, हलतंय का. माझ्या पोटरीतली ती ‘भयानक’ कळ अशी बघितली तेव्हा ती मुळात कळच नव्हती, एक गरम पट्टी होती, साधारण दोन बोटं रुंद, मध्येच फिकी होणारी, आणि फिकी झाली की मला भीती वाटायची की आता परत येईल, ती भीतीही मग तिथेच छातीच्या खाली घट्ट अशी दिसायची, तीही बघितली. कमी करायचा प्रयत्न नाही, पळवून लावायचा नाही. वाढलं तर ‘बरं, वाढलं’.

दुखणं जोरात असेल तेव्हा हे करायला जाऊ नका, तेव्हा बघणं शांत राहतच नाही. त्या वेळी शेक घ्या, पडून राहा, कुणाशी गप्पा मारा, बरं वाटेल ते करा, त्यात हार वगैरे काही नाही.

आणि पाच मिनिटं झाली की उठून जा. ‘कमी झालं का?’ हे बघितलंत की सगळं पाण्यात, पुन्हा पोलीस दारात.

हा भाग म्हणजे पेन रीप्रोसेसिंग थेरपीचा, म्हणजे दुखण्याला धोका न समजायला मेंदूला शिकवणाऱ्या उपचाराचा, गाभा आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डरच्या संशोधकांनी २०२१ मध्ये तिची चाचणी प्रसिद्ध केली, वर्षानुवर्षं पाठ दुखणारे १५१ जण, चार आठवडे उपचार, आणि शेवटी थेरपी घेतलेल्यांपैकी ६६ टक्के लोकांचं दुखणं गेलं किंवा जवळजवळ गेलं, खोटं इंजेक्शन आहे हे सांगून दिलेल्या गटात २० टक्के आणि नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्यांत १० टक्के. आकडे भारी आहेत, पण त्या लोकांचं दुखणं सौम्य ते मध्यम होतं आणि सोबत शिकलेला माणूस बसलेला होता, हेही धरून चाला. घरी एकट्याने चार आठवड्यांत नाही झालं म्हणजे तुमच्यात काही खोट आहे असं होत नाही.

उपचारच पहारेकरी होतात तेव्हा

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट. मी एमआरआय वाचणं सोडलं आणि भावना वाचणं सुरू केलं. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉन सार्नो यांनी पाठदुखीचा संबंध दाबलेल्या रागाशी, ताणाशी जोडला, अनेकांना त्याने वाट दाखवली, त्यांचं स्नायूंना ऑक्सिजन कमी पडण्याचं स्पष्टीकरण वैद्यक जगाने काही स्वीकारलेलं नाही पण भीती सोडा आणि हालचालीला लागा हा सल्ला आजही टिकून आहे. तर मी काय केलं, रोज दोन-दोन तास लिहायला बसले. लहानपणीचं हे, शाळेतलं ते, कुणाचा राग, कुणाचा दाबलेला राग, आणि प्रत्येक पानानंतर कंबर तपासायची, सापडला का तो राग, गेलं का दुखणं. म्हणजे आधी चकती शोधत होते, आता भावना शोधत होते. शोध तोच, पेशंट तीच.

बरं झालेल्यांच्या गोष्टी वाचण्याचंही तसंच. पहिल्या चार-पाच धीर देतात. चाळीसावी वाचताना आपण फक्त ताडून बघत असतो, याला किती महिने लागले, मला किती झाले, याचं पायात होतं का, माझ्यासारखं डाव्या बाजूला होतं का.

म्हणून मर्यादा घाला. लिहायचं असेल तर वीस मिनिटं, वही मिटली की विषय बंद. ध्यान, श्वास, काय जे करत असाल ते दिवसातून एकदाच आणि दुखणं असो नसो ठरलेल्या वेळी, दुखायला लागलं म्हणून धावत जाऊन नाही. दुखलं की ध्यान असं केलंत की ध्यान म्हणजे महागडी पेनकिलर झाली आणि तिचाही असर बघत बसाल. वाचन, व्हिडिओ, माझं हे लिखाणसुद्धा, एकदा वाचलं की झालं. मनात खरोखरच जुनं, जड काही असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र ते एकट्याने वहीत उकरू नका, समुपदेशकाकडे जा.

चालायला जा, पण कंबर तपासायला नको

दहा मिनिटं चालून बघते दुखतंय का, असं म्हणून निघालात की प्रत्येक पाऊल म्हणजे परीक्षेतला प्रश्न. माझं असं कित्येक महिने चाललं, घड्याळ लावून. त्याच दहा मिनिटांवर एक मैत्रीण राहते, तिच्याकडे पुस्तक परत द्यायला गेले तेव्हा रस्ता तोच होता, कंबर तीच होती, पण जाताना डोक्यात पुस्तक होतं. दुखलं का? हो, थोडं दुखलं. पण ते परीक्षेचा निकाल म्हणून नाही दुखलं, एवढाच फरक, आणि हा फरक केवढा मोठा आहे ते काही आठवड्यांनी कळलं. हालचालीला दुसरं काहीतरी कारण जोडा, भेट, काम, फोटो काढणं, कुणाला तरी सोबत.

शून्य व्हायची वाट बघू नका, दुखत असतानाच आयुष्य थोडं थोडं परत आणा, लहान तुकड्यांत. उलट टोकाला जाऊन ‘मला काही होत नाही’ म्हणत पहिल्याच दिवशी कपाट सरकवू नका, मी सरकवलं होतं, पुढचे चार दिवस काय झालं ते सांगत नाही.

आधाराच्या वस्तूही अशाच एकेक करून. मी एक फोमची उशी सगळीकडे घेऊन फिरायचे, गाडीत, ऑफिसात, लोकांकडे. ती मुद्दाम टाकली नाही, आधी घरच्या खुर्चीवर वापरायची सोडली, मग दोन आठवड्यांनी ऑफिसात ड्रॉवरमध्ये ठेवली. ड्रॉवर रोज उघडून बघायचे, आहे ना. तोही पहाराच, पण तो आपोआप विरला.

माणसांना काय सांगायचं

घरचे प्रेमाने विचारतात आणि प्रत्येक ‘आज कसं आहे?’ म्हणजे सरकारी हजेरी. आईचा फोनवरचा पहिला प्रश्न कायम एकच, ‘कंबर कशी आहे गं?’ मी तिला सांगितलं, आई, हे विचारू नकोस, खूप वाढलं तर मीच सांगेन. दोन दिवस नाही विचारलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘बाकी... सगळं ठीक ना?’ ते ‘बाकी’ एवढं लांबवलं की दोघींना हसू फुटलं. पण हळूहळू तिने सोडलं, आणि फोनवर बोलायला इतर विषय असतात हे आम्हा दोघींनाही नव्याने कळलं.

दुखणं लपवा असं म्हणत नाहीये. मदत लागली तर सरळ मागा, ‘ही पिशवी घे जरा’. पण रोजचं बुलेटिन बंद.

परत उसळलं तर

उसळणारच, हे आधीच धरून चाला. बऱ्याच दिवसांनी आलेला जोरदार झटका आधीच्या चांगल्या दिवसांवर पाणी फिरवत नाही, पण त्या क्षणी तसंच वाटतं. जागाही बदलते कधी, माझी कंबर जरा शांत झाली तर तीन आठवडे उजवा खांदा, जिथे आयुष्यात कधी दुखलं नव्हतं. नवीन, वेगळं काही वाटलं तर एकदा डॉक्टरांना दाखवा, एकदा, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना नाही.

त्या पहिल्या तासात डोकं कारण शोधायला सैरावैरा धावतं, काल बसले होते म्हणून, गादी, हवा, ते भांडण. कारण शोधू नका. सापडलेलं कारण उद्यापासून टाळायच्या यादीत जाऊन बसतं, आणि ती यादी वाढत गेली की जग लहान होतं. मी शांत असताना स्वतःलाच एक चिठ्ठी लिहून फोनच्या कव्हरमागे ठेवली होती, कारण त्या तासात आपल्याला काहीच आठवत नाही. त्यात तीन वाक्यं होती: ‘हे आधी सतरा वेळा झालंय आणि सतराही वेळा उतरलंय. सर्च करू नकोस. पुढचं ठरलेलं काम अर्धं कर.’ अर्धं, कारण पूर्ण करायला गेलं तर जबरदस्ती आणि सोडून दिलं तर माघार. सिनेमाला जायचं होतं तर इंटरव्हलपर्यंत बसा, मागे उभं राहून बघा.

बरं होतंय हे कशावरून समजायचं

दुखण्याच्या आकड्यावरून नाही. तो सगळ्यात शेवटी हलतो आणि हलतानाही वरखाली करत. आधी भीती कमी होते, मग दुखणं असतानाही कामं व्हायला लागतात, मग दुखण्याबद्दल बोलणं कमी होतं, आणि आकडा या सगळ्यांच्या मागून रमतगमत येतो. महिन्यातून एकदा स्वतःला विचारायला हरकत नाही, गेल्या महिन्यात असं काय केलं जे त्याआधी टाळत होते? त्याहून जास्त वेळा विचारलंत तर पुन्हा शीट सुरू झाली म्हणून समजा.

ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर वीक्स या डॉक्टरांनी १९६२ पासून चिंतेने पछाडलेल्या लोकांना चार पायऱ्या सांगितल्या, सामोरं जा, मान्य करा, तरंगत राहा, वेळ जाऊ द्या. पहिल्या तीन सगळे पाठ करतात. चौथीशी मात्र भांडण, कारण वेळ जाऊ देणं म्हणजे घड्याळाकडे न बघणं आणि आपण तर दर तासाला बघतो, गेला का वेळ. मला चौथी पायरी सात-आठ महिने पुरली, कुणाला कमी लागतात, कुणाला जास्त.

ती एक्सेल फाइल अजून लॅपटॉपमध्ये आहे. आकडे लिहायचं बंद केल्यावरही मी चोरून दोनदा पुन्हा सुरू केली होती, तेव्हा तुम्हीही कराल, कराल तेव्हा परत बंद करा. तिसऱ्या खेपेतली शेवटची नोंद एका मंगळवारची आहे, सकाळचा रकाना भरलाय, पिवळा, ४. दुपार आणि रात्र कोरी. त्या मंगळवारी दुपारी काय चाललं होतं ते मला काही केल्या आठवत नाही.